चालू मॅक्रो बाहेरून पाहताना

प्रस्तावना

मॅक्रो अडकला की तो थांबवायचा, फाइल बंद करायची, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि साईबाबांचं नाव घेऊन तेच बटण परत दाबायचं. शिर्डी-राहाता पट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये दुरुस्तीची रूढ पद्धत ही आहे. ती पुष्कळदा चालते, म्हणून तर टिकली. पण मॅक्रो थांबवला त्या क्षणी चूक कुठे होती हे सांगणारा पुरावाही जातो. एररच्या चौकटीत ‘एंड’ दाबलं की व्हीबीएमधली (मॅक्रो ज्या भाषेत लिहिलेला असतो तिच्यातली) मॉड्यूलच्या पातळीवरची सगळी व्हेरिएबल्स रिकामी होतात. कोणती पावती चालू होती, बेरीज कितीवर आली होती, कोणत्या शीटवर लिहिणं सुरू होतं, यातलं काही उरत नाही. मग आठ-पंधरा दिवसांनी तोच घोळ नव्याने होतो आणि तोच उपाय नव्याने केला जातो.

या पुस्तिकेचा आग्रह उलटा आहे. मॅक्रो जिवंत असताना, त्याला हात न लावता, बाहेरून एका छोट्या स्क्रिप्टने त्याच्याकडे पाहायचं. वायरमन लाइट चालू ठेवूनच टेस्टर लावतो, तसं. हे काम मोठ्या शहरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं आहे आणि आपल्या काउंटरवरच्या माणसाचं नाही, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. उलट मराठीत नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसाला बाहेरून पाहण्याची गरज इंग्रजी ऑफिसापेक्षा जास्त आहे. का, ते पुढे येईलच.

आधी जागेबद्दल. शिर्डीत ‘ऑफिस बंद झाल्यावर बघू’ हे वाक्य फारसं उपयोगाचं नाही. काकड आरती गाठायची म्हणून माणसं रात्री दोनला लॉजवर उतरतात आणि शेजारतीनंतर खोली सोडणारेही असतात. शिर्डीजवळच्या काकडी गावचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून वंदे भारत येऊ लागली. येणाऱ्यांची वेळ आता एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही. गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी हे दिवस तर सोडूनच द्या. अशा ठिकाणी काउंटरवरची वर्कबुक सकाळी उघडते ती बंदच होत नाही. शिफ्ट बदलते, बसणारा बदलतो, फाइल तीच.

गावाबाहेर पडलं तरी घाई आहेच, फक्त तिचं कारण वेगळं. हा सहकाराचा मुलूख आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने साखर कारखाना उभा केला, त्याला आता पाऊण शतक झालं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. म्हणजे काटा पावत्या एकत्र करून ऊसबिल काढणारा कोणताही मॅक्रो हंगामात ‘सावकाश बघू’ या सदरात बसत नाही. पतसंस्थांच्या पिग्मीचंही तेच. एजंटच्या मशीनमधून आलेली टेक्स्ट फाइल संध्याकाळी आत गेलीच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीदार पासबुक घेऊन उभा.

हे मॅक्रो लिहिले कोणी? एखाद्या कंपनीने क्वचितच. एमकेसीएलची स्थापना 2001 ची, आणि त्यानंतर एमएस-सीआयटीने गावोगाव एक्सेल पोचवलं. ज्याला ते चांगलं जमलं त्याने पुढे स्वतःच मॅक्रो रेकॉर्ड केला, तो उघडून दोन ओळी बदलल्या, आणि तिसऱ्या वर्षी अख्ख्या ऑफिसचा रोजचा ताळा त्या मॅक्रोवर चालू लागला. लिहिणारा बहुधा मालकाचा पुतण्या असतो आणि आता तो हिंजवडीला असतो. फोन उचलतो, पण फाइल आठवत नाही. या मंडळींना नावं ठेवायला मी ही प्रस्तावना लिहीत नाही. त्यांच्या कामावर इथला कितीतरी व्यवहार बिनबोभाट चालतो. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांनी एक ओळ कुठूनतरी उचलून आणलेली असते, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, आणि या ओळीबद्दल मला काहीही चांगलं बोलता येत नाही. चूक झाली तरी गप्प बसून पुढच्या ओळीवर जा, एवढाच तिचा अर्थ. एररची चौकट दिसायची बंद होते, म्हणून ती लावणाऱ्याला मॅक्रो दुरुस्त झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात चूक तिथेच असते, फक्त तिचा आवाज बंद केलेला असतो.

दुसरा नेहमीचा दोष याहून फसवा आहे. मॅक्रो वेगाने चालावा म्हणून सुरुवातीला स्क्रीन अपडेट बंद करतात, इव्हेंट्स बंद करतात, आकडेमोड मॅन्युअल करतात आणि शेवटी सगळं परत चालू करतात. मॅक्रो मधेच पडला तर तो शेवट येतच नाही. स्क्रीन अपडेट एक्सेल बहुतेक वेळा स्वतःहून परत चालू करतं. इव्हेंट्स आणि आकडेमोड मात्र एक्सेल पूर्ण बंद होईपर्यंत तशीच राहतात. मग दुपारी खोली क्रमांक टाकला तरी शेजारच्या कॉलममध्ये भाडं येत नाही, बेरीज सकाळचीच दिसते, आणि ‘फाइल करप्ट झाली’ असा निकाल देऊन लोक मागच्या आठवड्याची प्रत उघडतात. इथे बाहेरून जोडलेली चार ओळींची स्क्रिप्ट एका सेकंदात सांगते की इव्हेंट्स बंद आहेत आणि आकडेमोड मॅन्युअल आहे. फाइलला काही झालेलं नसतं. या विषयातलं एकच काही शिकायचं असेल तर हे शिका. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

आता मराठीकडे. एक्सेलच्या सेलमध्ये मराठी उत्तम दिसते, कारण सेल युनिकोड आहे. व्हीबीएमधली स्ट्रिंगही आतून युनिकोडच आहे. पण व्हीबीएचा जो एडिटर आहे, अल्ट आणि एफ 11 दाबल्यावर उघडतो तो, तो आजही जुन्या काळातला आहे. विंडोजच्या एखाद्या जुन्या कोडपेजमधली अक्षरं त्याला समजतात, आणि देवनागरीसाठी असं कोडपेज कधी नव्हतंच. परिणाम असा की ‘डीबग प्रिंट’ने इमिजिएट विंडोत ‘शिर्डी’ छापायला सांगितलं तर तिथे सहा प्रश्नचिन्हं उमटतात. लोकल्स विंडोत तेच, वॉच विंडोत तेच, मेसेज बॉक्समध्येही तेच. व्हेरिएबलमधली किंमत बरोबर असते, पण ती दाखवायला ठेवलेली प्रत्येक खिडकी आंधळी असते.

पुस्तकांमध्ये डिबगिंगचे जे धडे दिलेले असतात ते सगळे या खिडक्यांवर उभे आहेत: ब्रेकपॉइंट लावा, एफ 8 ने एकेक ओळ पुढे जा, किंमत बघा. अकाउंट नंबर आणि रकमेसाठी हे ठीक आहे. पण खातेदाराचं नाव, गावाचं नाव, खर्चाचं सदर मराठीत असलं की आपण प्रश्नचिन्हांची रांग बघत बसतो, आणि दोन वेगवेगळी नावं सारखीच दिसतात. ‘राहाता’ आणि ‘शिर्डी’ दोन्ही सहा-सहा प्रश्नचिन्हं. कोडमध्ये मराठी शब्द टाइप करायला गेलं तरी तोच प्रकार, म्हणून जाणकार लोक शब्द सेलमध्ये ठेवून तुलना करतात किंवा अक्षरांचे क्रमांक देतात. ‘अ’चा 2309, ‘श’चा 2358. व्हीबीएने साध्या पद्धतीने टेक्स्ट फाइलमध्ये लॉग लिहिला तर त्यातही प्रश्नचिन्हंच जातात. त्यासाठी फाइल युनिकोड म्हणून उघडावी लागते, आणि ते कसं करायचं ते पुढे एका प्रकरणात दिलं आहे.

बाहेरच्या स्क्रिप्टला हा आजार नाही. ती एक्सेलकडून किंमत युनिकोडमध्येच घेते आणि आपण ती फाइलमध्ये लिहून नोटपॅडने उघडू शकतो. म्हणून मी वर म्हटलं की मराठी ऑफिसाला बाहेरून पाहण्याची गरज जास्त आहे. इंग्रजीत काम करणाऱ्याला आतल्या खिडक्या पुरतात.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते लॉजच्या कॅशबुकात, लग्नाच्या हॉलच्या हिशेबात, गाड्या भाड्याने देणाऱ्याच्या वहीत, सगळीकडे सापडतं. सदर आहे ‘ॲडव्हान्स’. मॅक्रो महिनाअखेर सदरनिहाय बेरीज करतो. ॲडव्हान्सची बेरीज दर महिन्याला कमी येते. पावत्या मोजल्या तर सगळ्या आहेत. नजरेला शब्दात काही फरक नाही. सेलमध्ये क्लिक करून पाहिलं तरी नाही. मागेपुढे स्पेस नाही. फॉर्म्युलाने दोन सेल एकमेकांशी ताडून पाहिले तर उत्तर ‘फॉल्स’. अशा वेळी माणूस एक्सेलवर किंवा स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊ लागतो.

स्क्रिप्टने त्या दोन सेलमधलं प्रत्येक अक्षर त्याच्या क्रमांकासह छापलं की गोष्ट उघड होते. एका नोंदीत पहिलं अक्षर एकच आहे, 2418. दुसरीत तिथे दोन आहेत, 2309 आणि त्यावर चंद्र, 2373. पडद्यावर दोन्ही ‘ॲ’. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊनच भागवत, आणि आजही कोणता कीबोर्ड किंवा कोणतं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर वापरलं यावर आत काय जातं ते ठरतं. सकाळच्या शिफ्टचा माणूस एका पद्धतीने टाइप करतो, रात्रीचा दुसऱ्या. युनिकोडचं जे प्रमाणीकरण ‘ऱ’च्या दोन रूपांना एक करतं ते या दोन ‘ॲ’ना एक करत नाही, म्हणजे तयार उपायही हाती नाही, बदल स्वतः करावा लागतो. असाच त्रास न दिसणारी अक्षरं देतात: जोडाक्षरासाठी येणारी 8204 आणि 8205, आणि वेबपेजवरून कॉपी करताना चिकटणारी 160 क्रमांकाची स्पेस, जी ‘ट्रिम’ने निघत नाही. आणि काही जुन्या फाइलींत तर शब्द मराठी दिसतो पण आत मराठी नसतेच. शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सेलमध्ये खाली इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांच्यावर मराठी आकार चढवलेला असतो. हे सगळं फक्त क्रमांकांतून कळतं.

हत्यार कोणतं, हा प्रश्न साहजिक आहे. मी पॉवरशेल निवडलं. जेफ्री स्नोव्हर यांनी 2002 मध्ये त्याची कल्पना मांडली, 2006 मध्ये ते बाहेर आलं, आणि आज विंडोज 10 किंवा 11 असलेल्या प्रत्येक मशीनवर 5.1 ही आवृत्ती आधीपासूनच आहे. इन्स्टॉल काही करायचं नाही, कोणाची परवानगी मागायची नाही, पैसे लागत नाहीत. पायथॉन भाषा म्हणून मला जास्त आवडते, आणि तिच्यात एक्सएलविंग्ससारखी साधनं आहेत, पण ती काउंटरवरच्या मशीनवर बसवायची म्हणजे मालकाला समजावणं आलं. जुनी व्हीबीस्क्रिप्ट हे काम वर्षानुवर्षं करत आली. मात्र मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये तिचा निरोपसमारंभ जाहीर केला आहे, तेव्हा नव्याने तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पॉवरशेल 7 नवीन आहे म्हणून ते घेऊ नका. चालू एक्सेलला जोडून घेण्याची जी सोपी सोय 5.1 मध्ये आहे, ‘गेट ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट’ नावाची, ती 7 मध्ये काढून टाकली आहे. शिवाय मराठी शब्द असलेली स्क्रिप्ट 5.1 साठी जतन करताना ‘यूटीएफ-8 विथ बीओएम’ निवडा, नाहीतर स्क्रिप्टमधल्याच मराठीचा कचरा होईल.

जोडणी होते कशी? चालू असलेल्या प्रोग्रामांपैकी जे बाहेरच्यांशी बोलायला तयार आहेत त्यांची यादी विंडोज ठेवतं. एक्सेल त्या यादीत आपलं नाव घालतं आणि स्क्रिप्ट तिथून त्याला हाक मारते. सिद्धांत एवढाच. व्यवहारात चार खोडी आहेत आणि पहिल्या दिवशी त्या चारही भेटतात. एक्सेल यादीत नाव घालतं ते त्याच्या खिडकीवरून फोकस एकदा दुसरीकडे गेल्यावर. नुकतंच उघडलेलं एक्सेल सापडत नसेल तर दुसऱ्या खिडकीवर क्लिक करा. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडलं आणि एक्सेल साधं असेल तर दोघांची भेट होत नाही; इथे जास्त अधिकार आड येतात. दोन एक्सेल स्वतंत्रपणे चालू असतील तर स्क्रिप्टच्या हाती भलतंच लागू शकतं, म्हणून फाइलच्या पूर्ण पत्त्याने जोडणं चांगलं. पण त्या पत्त्यावरची फाइल उघडलेली नसेल तर विंडोज ती गुपचूप उघडतं, आणि मग काउंटरवरच्या माणसाला ‘फाइल लॉक आहे’ असा निरोप येतो. आणि शेवटची खोड स्वच्छतेची आहे. काम झाल्यावर स्क्रिप्टने एक्सेल सोडून दिलं नाही तर खिडकी बंद केल्यावरही एक भूत टास्क मॅनेजरमध्ये बसून राहतं.

आता मर्यादा. त्या लपवल्या तर वाचकाची फसवणूक होईल. एक्सेल मॅक्रोचं काम आणि बाहेरच्यांशी बोलणं एकाच धाग्यावर करतं. मॅक्रो जोरात चालू असेल तर स्क्रिप्टची हाक थांबून राहते किंवा ‘कॉल वॉज रिजेक्टेड बाय कॉली’ असं उत्तर येतं. कोणी सेलमध्ये अर्धवट टाइप करून चहाला गेलं असेल तरी असाच नकार मिळतो, आणि शिर्डीत हे कारण पहिल्यापेक्षा जास्त वेळा निघतं. मॅक्रोच्या लांब लूपमध्ये ‘डू इव्हेंट्स’ ही ओळ दर काहीशे नोंदींनंतर ठेवली तर एक्सेलला श्वास घ्यायला जागा मिळते आणि स्क्रिप्टचं बोलणं आत पोचतं. पण त्याच फटीतून माणसाचं क्लिकही आत जातं. काउंटरवरच्याने अधीर होऊन बटण दुसऱ्यांदा दाबलं तर तोच मॅक्रो स्वतःच्या पोटात पुन्हा सुरू होतो आणि पावत्या दोनदा चढतात. तेव्हा ‘डू इव्हेंट्स’ टाकायचं तर बटण आधी बंद करायचं.

दुसरी मर्यादा अशी की एखाद्या प्रोसिजरच्या आतलं लोकल व्हेरिएबल बाहेरून वाचता येत नाही. विनडीबीजीसारखा मोठा डिबगर एक्सेलला लावला तरी त्याला व्हीबीएचा इंटरप्रिटर दिसतो, तुमच्या ओळी दिसत नाहीत. म्हणून मॅक्रोनेच मागे खुणा सोडायला हव्यात. एक वाट विंडोजच्या ‘आउटपुट डीबग स्ट्रिंग’ची आहे, सिसइंटर्नल्सचं डीबगव्ह्यू हे मोफत साधन त्या खुणा मॅक्रो चालू असतानाच दाखवतं. दुसरी, मला अधिक आवडणारी वाट म्हणजे युनिकोड लॉग फाइल. पॉवरशेलचा ‘गेट कंटेंट’ हा हुकूम ‘वेट’सह दिला की फाइलमध्ये नवी ओळ पडली रे पडली की ती वाचली जाते. तिसरी युक्ती ओळींच्या क्रमांकांची आहे. स्क्रिप्ट वर्कबुकच्या प्रतीतला कोड बाहेर काढते, प्रत्येक ओळीला क्रमांक देते आणि परत आत ठेवते. मग ‘ईआरएल’ हे जुनं फंक्शन चूक नेमकी कोणत्या ओळीवर झाली ते सांगतं. यासाठी ट्रस्ट सेंटरमध्ये व्हीबीए प्रोजेक्टला हात लावायची परवानगी तात्पुरती द्यावी लागते. काम झालं की ती काढून घ्या. प्रोजेक्टला पासवर्ड असेल तर लिहिणाऱ्याला विचारा. तो फोडण्याचे उपाय या पुस्तिकेत नाहीत आणि विचारूही नका.

तारखांचा घोळ स्वतंत्र प्रकरणाच्या लायकीचा आहे आणि त्याला ते दिलंही आहे. इथे फक्त तोंडओळख. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाइल येते. ती दोनदा क्लिक करून हाताने उघडली तर तारखा बरोबर. मॅक्रोने उघडली तर चुकीच्या. कारण व्हीबीए अशी फाइल उघडताना, स्पष्ट सांगितलं नसेल तर, अमेरिकी रीतीने आधी महिना आणि मग दिवस वाचतं. 2025 ची गुरुपौर्णिमा 10 जुलैला होती. तिच्या आधीचा आणि नंतरचा दिवस धरा. शिर्डीत वर्षातल्या मोठ्या गर्दीपैकी ही एक. मॅक्रोने 9/7, 10/7 आणि 11/7 वाचलं 7 सप्टेंबर, 7 ऑक्टोबर आणि 7 नोव्हेंबर असं. जुलैचा गल्ला पुढच्या तीन वेगवेगळ्या महिन्यांत विखुरला आणि एररची एक चौकटही आली नाही. 13 तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तारीख मजकूर म्हणून तशीच राहते. म्हणून महिन्याच्या उत्तरार्धात फाइल तपासणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. स्क्रिप्टने सेलची मूळ किंमत विचारली की 10 जुलैसाठी 45848 हवं तिथे 45937 मिळतं, आणि 13 नंतरच्या सेलमध्ये आकड्याऐवजी मजकूर सापडतो. उपाय एका शब्दाचा आहे, फाइल उघडताना ‘लोकल’ हा पर्याय ‘ट्रू’ करायचा. शोधायला मात्र महिने जातात.

गप्प राहून होणाऱ्या चुका फक्त आपल्याकडे होतात असं नाही. 2020 च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या नोंदींतून करोनाचे 15,841 रुग्ण काही दिवस गायब होते, कारण माहिती जुन्या एक्सएलएस फाइलीत भरली जात होती आणि तिथे 65,536 ओळींपुढे जागा नसते. 2007 पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये दहा लाखांहून अधिक ओळी मावतात. आपल्या तालुक्यात 2003 च्या काळातला एक्सएलएस साचा अजून वर्षानुवर्षं प्रती काढून वापरला जातो, तेव्हा हसण्याआधी आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे ते पाहिलेलं बरं.

मॅक्रो न बिघडताही चुकीचा ठरतो, तो नियम बदलल्यावर. खोलीभाड्यावरच्या जीएसटीचं घ्या. 18 जुलै 2022 पर्यंत दिवसाला 1000 रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर नव्हता, त्या तारखेपासून 12 टक्के लागला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के झाला. कोडमध्ये 0.12 कुठे कुठे कोरलेलं आहे हे डोळ्यांनी शोधणं शिक्षा आहे. स्क्रिप्ट सगळी मॉड्यूल्स आणि सगळे फॉर्म्युले चाळून यादी देते.

आणखी एक तक्रार हल्ली वाढली आहे: ‘काल मॅक्रो चालत होता, आज वर लाल पट्टी येते.’ मॅक्रो व्हायरस 1995 पासून आहेत. मार्च 1999 मधल्या मेलिसाने जगभरातली मेल थंडावली होती. तरी इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला मायक्रोसॉफ्टने 2022 उजाडू दिलं. व्हॉट्सॲप वेबवरून किंवा मेलवरून उतरवलेली फाइल म्हणूनच अडते. ती कोणी पाठवली हे माहीत असेल तरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा. सगळ्याच मॅक्रोंना मोकळीक देणारं सेटिंग चालू करून ठेवणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. ते करू नका.

स्क्रिप्टसाठी या पुस्तिकेत एकच कडक नियम आहे: चालू फाइलीत ती वाचेल, लिहिणार नाही. बाहेरून एक सेल जरी बदलला तरी काउंटरवरच्याचं कंट्रोल-झेड निकामी होतं, आणि हिशेबात कोणी काय बदललं याचा वादही सुरू होतो. अपवाद फक्त बंद पडलेले इव्हेंट्स आणि आकडेमोड परत चालू करण्याचा, तोही बसलेल्या माणसाला सांगून. लॉगच्या बाबतीतही सैल राहू नका. लॉजच्या रजिस्टरमध्ये पाहुण्यांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक असतात. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला त्याच्या आधीही हे जपायचंच होतं. लॉगमध्ये पावती क्रमांक आणि ओळ क्रमांक पुरतो. दुरुस्तीसाठी बाहेरच्याकडे फाइल पाठवायची असेल तर आधार आणि मोबाइलचे कॉलम आधी रिकामे करा.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी पुस्तिकेत फार काही नाही. तिथली बेसिक वेगळी, बाहेरून जोडण्याची रीत वेगळी. तो विषय दुसऱ्या कोणीतरी लिहावा.

पुढचं वाचताना मशीन समोर चालू असू द्या. नुसतं वाचून हे हाताला बसत नाही. सरावासाठी मात्र चालू वर्षाची फाइल घेऊ नका. मागच्या वर्षीच्या वर्कबुकची प्रत काढा, ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि गुरुवार सोडून कोणताही दिवस निवडा.